खावटी महिन्याची, पैसा हंगामाचा

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. थोडक्यात असं:

"दोन वर्षांपासून मी माहेरी आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. फारकत झालेली नाही. नवऱ्याचं घाटंजी तालुक्यात पाच एकर कोरडवाहू वावर आहे, सातबारा सासऱ्यांच्या नावावर. समाजाच्या बैठकीत स्टॅम्पपेपरवर महिन्याला ३,००० रुपये ठरले. पाच महिने दिले, मग बंद. विचारलं की म्हणतात, 'कापूस विकला की एकदम देतो.' नाहीतर म्हणतात, 'तू पोट्ट्यांना भेटू देत नाही, मग पैसे काहून देऊ?' मला भांडण वाढवायचं नाही, कोर्टाची पायरीही नको वाटते. पण मुलांच्या दर महिन्याच्या खर्चाचं कसं लावून घेऊ?"

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुका कोर्टात चोवीस वर्षं वकिली करतो. खावटीच्या, म्हणजे पोटगीच्या, प्रकरणांत कधी बाईकडून उभा राहतो, कधी नवऱ्याकडून, त्यामुळे दोन्हीकडची रडगाणी पाठ आहेत. तुमच्या नवऱ्याचं "कापूस विकला की देतो" हे वाक्य मी दर हंगामात ऐकतो. गंमत अशी की बरेचदा ते खरं असतं. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या हातात पैसा महिन्याला येतच नाही. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघतं, मग कापसाच्या वेचण्या, जानेवारी-फेब्रुवारीत तूर. त्यानंतर पुढचं सोयाबीन येईस्तोवर खिसा रिकामा. कायद्यातली खावटी मात्र महिन्याची. मुलांचं पोट तर रोजचं. भांडणाचं अर्धं मूळ इथे आहे, आणि तुमच्या बैठकीतल्या पंचांनी नेमकं हेच कागदावर घेतलं नाही. त्यांनी फक्त आकडा लिहिला.

आकड्यावर भांडायला सगळ्यांना आवडतं. मी मात्र पक्षकाराला आधी विचारतो की पैसे कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात आणि कोणत्या पुराव्यानिशी येणार. हे ठरलं असेल तर ३,००० सुद्धा पुरवून वापरता येतात. ठरलं नसेल तर ८,००० चा आदेशही भिंतीवर फ्रेम करून लावायच्या लायकीचा.

आधी तुमच्या त्या स्टॅम्पपेपरचं बघू. समाजाची बैठक असो, तंटामुक्ती समिती असो की पोलीस पाटलांसमोरचं लिहून देणं असो, तो कागद कोर्टाचा आदेश नव्हे. त्यावर वॉरंट निघत नाही. पण फाडून टाकू नका, कारण नवऱ्याने स्वतःच्या सहीने "महिना ३,००० देणे मला मान्य" असं लिहिलेलं आहे. उद्या तो म्हणाला की माझी ऐपतच नाही, तर हा कागद त्याच्यासमोर ठेवता येतो. आणि त्यात "मुलांच्या पुढील खर्चाबाबत आईची काही तक्रार राहणार नाही" अशी एखादी ओळ असली तर घाबरू नका. पंचांना ही ओळ फार प्रिय असते. आई स्वतःचा हक्क सोडू शकते की नाही हा वेगळा वाद आहे, पण मुलांचा हक्क त्यांच्या वतीने सोडून द्यायचा अधिकार तिलाही नाही आणि पंचांनाही नाही.

आता कोर्टाची पायरी. ती चढा असंच मी म्हणेन, पण भांडायला म्हणून नव्हे. पूर्वी ज्याला सगळे "एकशेपंचवीस" म्हणायचे ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. हा बदल १ जुलै २०२४ पासून लागू आहे. जुने लोक, मीसुद्धा, अजून एकशेपंचवीसच म्हणतो. नाव फौजदारी असलं तरी यात नवरा आरोपी नसतो आणि गुन्हा नोंदवला जात नाही. फारकत झालेली असावी लागत नाही. आणि अर्ज तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येतो, म्हणजे सासरच्या कोर्टात खेटे घालायची गरज नाही. शहरात कुटुंब न्यायालय असेल तर तिथे, आपल्याकडे तालुक्याला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर.

हे कलम सगळ्या जातीधर्मांना सारखं लागू आहे, हे मुद्दाम सांगतो. बौद्ध कुटुंबांना हिंदू विवाह कायदा लागू होतो हे बहुतेकांना माहीत असतं. पण गोंड, कोलाम, कोरकू अशा अनुसूचित जमातींना तो कायदा एरवी लागू होत नाही, म्हणून पांढरकवडा-झरीकडच्या बायकांना कोणीतरी सांगून ठेवतं की तुमच्यासाठी कायदाच नाही. १४४ आहे. मुसलमान आईच्या मुलांनाही आहे. लग्न नोंदलेलं नसलं, अगदी आईबापाचं लग्नच झालेलं नसलं, तरी मुलाचा हक्क आहे. (त्या भागात आणखी एक घोळ होतो. "खावटी" म्हटलं की आदिवासी विकास खात्याची मदतीची खावटी योजना समजतात. एक आजीबाई माझ्याकडे रेशनकार्ड आणि जातीचा दाखला घेऊन खावटीचा अर्ज करायला आल्या होत्या. तासभर आम्ही दोघं वेगवेगळ्या खावटीवर बोलत होतो.)

तुमच्यासारख्या प्रकरणात मी असं करतो. अर्ज दाखल करायचा, नवऱ्याला नोटीस जाऊ द्यायची, आणि पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच दोघांना बसवून जे ठरेल त्याची तडजोड पुरशिस, म्हणजे दोघांच्या सहीचं कोर्टाला लेखी निवेदन, द्यायची. न्यायाधीश दोघांना विचारतात, मुलांचं नुकसान होत नाही ना हे बघतात आणि त्याप्रमाणे आदेश करतात. झालं. बैठकीत जे ठरलं तेच, पण आता त्याला दात आले. लोकअदालतीतही तडजोड होते, पण तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्याची वसुली म्हणजे पुन्हा दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा वेगळा अर्ज, दाखल करणं आलं. म्हणून खावटीपुरतं मला दंडाधिकाऱ्यांसमोरची पुरशिस जास्त सोयीची वाटते. यावर माझ्याच वकील संघातले दोन-तीन वकील माझ्याशी वाद घालतील. घालू द्या.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर ती सोडा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्याच इमारतीत असते. फोनवर विचारायचं तर १५१००. मारहाण, घरातून हाकलणं असं काही झालं असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा, २००५ चा, दुसरा रस्ता आहे. त्यातही मुलांचा खर्च मागता येतो, आणि सुरुवात संरक्षण अधिकाऱ्यांकडून करता येते. तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसलं नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

एक गोष्ट मात्र आजच लक्षात घ्या. सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२० ला खावटीबाबत जो मोठा निकाल दिला, तो आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात आहे. त्यात सांगितलं की खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. याचा अर्थ अर्जाच्या आधीचे महिने साधारणपणे गेले ते गेले. "बघू, या हंगामात देतो का" म्हणत तुम्ही जे महिने थांबलात, ते मुलांच्या ताटातून वजा झाले. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, खावटीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. तो "शक्यतो" हा शब्द आमच्या कोर्टात फार मेहनत करतो. नवरा मजुरीला हैदराबाद-सुरतेकडे गेला असेल तर नुसती नोटीस लागायलाच महिने जातात. म्हणून तो वेचणीला गावात असतानाच अर्ज टाकलेला बरा.

त्याच निकालाने दोघांनाही आपापलं उत्पन्न आणि मालमत्ता शपथपत्रावर सांगायला लावलं आहे, आणि शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना दिला आहे. तो नमुना मागून घ्या. काही ठिकाणी पगारदाराचाच नमुना हातात देतात आणि मग "मासिक वेतन: निरंक" असं भरून शेतकरी बाप मोकळा होतो. तुम्हीही खरं लिहा. शिलाई, बचत गट, रोजंदारी, लाडकी बहीणचे १,५०० रुपये येत असतील तर तेही. समोरचा वकील "तिला सरकार देतंय की" म्हणणारच. म्हणू द्या. ते पैसे सरकारने बाईला दिलेत, बापाची जबाबदारी उचलायला दिलेले नाहीत. पण लपवून नंतर सापडले तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून नवरा "माझ्या नावावर काहीच नाही" म्हणेल. वावर वडिलोपार्जित असेल तर त्यात त्याचा हिस्सा आहेच, आणि कसतो कोण हेही दाखवता येतं. ई-पीक पाहणीत काय पेरलं ते नोंदलेलं असतं. सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस दिला असेल तर चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, आधार जोडलेल्या बँक खात्यातच येतो, त्यामुळे पासबुक बोलतं. खाजगी जिनिंगला किंवा गावातल्या व्यापाऱ्याला रोखीने दिला असेल तर अवघड, पण काट्याची पावती कुठेतरी असते. आणि अगदी काहीच नसलं तरी धडधाकट माणसाने मजुरी करून का होईना बायकापोरांना पोसलं पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्येही स्पष्ट म्हटलं आहे.

३,००० हा आकडा बरोबर आहे का? तुम्ही विचारलं नाहीत, तरी मी तो ताडून पाहतो, कारण पेलवणार नाही असा आकडा बापाच्या गळ्यात मारला तर तो पहिल्या वर्षीच गाव सोडतो. पाच एकरांपैकी तीन एकर पऱ्हाटी (कापूस) धरली, एकरी पाच क्विंटल, भाव सात हजार, तर झाले १,०५,०००. दोन एकर सोयाबीन, एकरी चार क्विंटल, साडेचार हजाराने ३६,०००. एकूण १,४१,०००. त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी, भाडं वजा जाता निम्मेही राहिले तर नशीब. ६०,००० धरू. मोकळ्या दिवसांत शंभर दिवस मजुरी, ४०० ने ४०,०००. वर्षाला लाखभर, म्हणजे महिन्याला आठ हजारांच्या वर थोडे. त्यात म्हातारे आईबापही खाणारे. तेव्हा दोन मुलांचे ३,००० म्हणजे त्याला टोचेल पण मोडणार नाही असा आकडा आहे. तुमच्या भागातलं खरं एकरी पीक आणि भाव घालून हा हिशोब तुम्ही स्वतः पुन्हा करा. "पगाराच्या पंचवीस टक्के" हे सूत्र सगळीकडे ऐकू येतं, तो एका निकालातला अंदाज आहे. कायद्यात असं ठरीव प्रमाण कुठेच नाही.

मुलांच्या बाजूचाही कागद करा. झेडपीच्या शाळेत फी नाही, पुस्तकं मिळतात, दुपारची खिचडी मिळते, म्हणून "खर्चच काय" असं विचारतात. वह्या, दप्तर, चप्पल, ऑटोवाला, तापाला डॉक्टर, किराण्यात दोन तोंडांचा वाटा, दिवाळीचे कपडे. एका महिन्याचं वहीत लिहून ठेवा. कोर्टात अशा वहीचं पान पावत्यांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त कामाला येतं, असा माझा अनुभव आहे.

आणि रक्कम लिहिताना मुलीचे इतके, मुलाचे इतके, असं वेगळं लिहून घ्या. तुम्हाला स्वतःला मागायची असेल तर तीही निराळी. "पत्नी व दोन मुले मिळून" अशी एकत्र मोट बांधली की पुढे गाठी पडतात. आईने दुसरं लग्न केलं तर तिची खावटी थांबते, मुलांची थांबत नाही. मुलगा अठराचा झाला की १४४ खालची त्याची रक्कम थांबते. मुलीलाही १४४ खाली अठरापर्यंतच, पण हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ प्रमाणे अविवाहित आणि स्वतःचं भागवू न शकणाऱ्या मुलीला लग्नापर्यंत बापाकडे मागता येतं, त्यासाठी वेगळा दावा करावा लागतो. एकत्र रकमेत कोणाचे किती कमी करायचे यावर मग दहा तारखा जातात.

आता मुख्य भाग, हंगामाचा.

"पीक आल्यावर वर्षाचे एकदम ३६,००० देतो" ही बापाची ऑफर ऐकायला बरी वाटते. ती तशीच्या तशी घेऊ नका, आणि कारण कायद्यातलं आहे. थकलेल्या खावटीचं वॉरंट काढायचा अर्ज, ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. समजा आदेश महिन्याचा आहे आणि तुम्ही तोंडी मान्य केलं की कापूस आल्यावर दे. मार्चपासून थांबलात. जानेवारीत बोंडअळीने नुकसान झालं म्हणाला, पुढच्या सोयाबीनला देतो म्हणाला. तुम्ही थांबलात. पुढच्या नोव्हेंबरात कोर्टात गेलात तर मार्च ते ऑक्टोबरचे आठ महिने वॉरंटाच्या कक्षेबाहेर गेलेले असतात. एका बाईचे असे सतरा महिन्यांचे पैसे बुडालेले मी पाहिले. तिचा दोष इतकाच की ती समजूतदार होती.

म्हणून दोन्ही सांभाळायचं. आदेशात खावटी महिन्याचीच राहू द्या, दर महिन्याच्या पाच तारखेला देय. आणि हंगामात मिळणारी रक्कम पुढच्या महिन्यांची आगाऊ म्हणून घ्या, मागच्या महिन्यांची उधारी म्हणून नव्हे. हा फरक नीट समजून घ्या. उधारी म्हणजे मुलांनी आधी उपाशी राहायचं आणि बापाने नंतर भरायचं. आगाऊ म्हणजे पैसा आधी येऊन पडतो आणि महिन्याला लागेल तसा निघतो.

तुमच्या नवऱ्याच्या पिकांवरून मी असं मांडेन. सोयाबीनच्या पैशातून ३० नोव्हेंबरपर्यंत डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीचे ९,००० आगाऊ. कापूस आणि तुरीच्या पैशातून फेब्रुवारी अखेरपर्यंत मार्च ते ऑगस्टचे १८,००० आगाऊ, आणि त्यासोबतच शाळेचे ४,००० वेगळे. राहिले सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. हे तीन महिने दर पाच तारखेला ३,००० सुटे, मजुरीतून.

शाळेचे पैसे फेब्रुवारीत का, असं नवऱ्याचे वकील विचारतील. कारण जून. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी सुरू होतात. बरोबर त्याच वेळी पाऊस पडून पेरणी सुरू झालेली असते. त्या दिवसांत बापाकडे मागितलेला प्रत्येक रुपया कृषी केंद्राच्या उधारीशी भांडतो. बी-बियाण्याला पैसे नसलेला माणूस दप्तराला कुठून देणार? तो नाही म्हणतो, तुम्ही अर्ज करता, तो चिडतो. माझ्याकडे येणाऱ्या खावटीच्या भांडणांत जून-जुलैइतकी गर्दी दुसऱ्या कोणत्या महिन्यात नसते. जे जूनला लागणार ते कापसाच्या पैशातून आधीच काढून ठेवलं की निम्मी भांडणं जन्मालाच येत नाहीत.

मोसंबी-संत्र्याच्या पट्ट्यात, वरूड-मोर्शीकडे, बहाराप्रमाणे हे महिने बदलतील. भंडारा-गोंदियाकडे धानाचे पैसे बघून, गडचिरोलीत मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या मजुरीच्या दिवसांत. सूत्र तेच.

आगाऊ रक्कम कुठे ठेवायची यावर अविश्वास असतो. "तिच्या हातात अठरा हजार दिले तर महिन्यात उडवेल" असं नवरा म्हणतो, आणि "त्याच्या खात्यात ठेवले तर पेरणीला काढेल" असं बायको म्हणते. दोघांचंही चुकत नाही. मी सुचवतो ते असं: मुलांच्या नावाने, पालक म्हणून आई, असं खातं पोस्टात किंवा बँकेत उघडायचं. आगाऊ रक्कम थेट तिथे. आईने दर महिन्याला ठरलेलीच काढायची आणि तीन महिन्यांनी पासबुकच्या पानाचा फोटो बापाला पाठवायचा. फोटो पाठवायला कमीपणा वाटून घेऊ नका. त्या एका फोटोने "पैसे कुठे जातात" हा प्रश्न कायमचा बंद होतो. बापाचे पीककर्जाचे खाते मात्र या व्यवहारात आणू नका. एका पक्षकाराचा कापसाचा चुकारा थकीत कर्जाच्या खात्यात आला आणि बँकेने तो अडवून धरला. बायको म्हणे खोटं बोलतो, तो म्हणे पैसे आहेत पण निघत नाहीत. खरं तोच बोलत होता. शक्य तिथे खावटीपुरतं त्याने वेगळं खातं ठेवावं.

हातात रोख देणं बंद. बाजाराच्या दिवशी भेटून हजार-पाचशे देतात, सही नाही, चिठ्ठी नाही, आणि कोर्टात तो म्हणतो पंधरा हजार दिले, ती म्हणते चार. फोनवरून पाठवले तर शेऱ्यात "मुलांची खावटी, ऑक्टोबर" लिहायचं. रोखच द्यावे लागले तर वहीत दोघांच्या सह्या. धान्याचंही आधी लिहून ठेवा. बाप पोतंभर गहू, वीस किलो तुरीची डाळ पाठवतो ही चांगलीच गोष्ट, पण ते खावटीत वळतं करायचं की वरचं, हे पुरशिसीत आलं पाहिजे. माझं मत विचाराल तर वरचं. डाळीने दवाखान्याचं बिल भरता येत नाही.

मुलांच्या भेटीबद्दल तुम्हालाही थोडं टोचेल असं बोलतो. पैसे दिले नाहीत म्हणून भेट अडवायची नाही, आणि भेट दिली नाही म्हणून पैसे अडवायचे नाहीत. कोर्ट या दोन गोष्टी एकमेकींना बांधू देत नाही. तुम्ही खरंच भेटू देत नसाल तर ते आजच बदला. महिन्यातून दोन रविवार, शिवाय पोळा आणि दिवाळीचे दोन-दोन दिवस, असं तारखांसकट लिहा. जागाही लिहा, दोन्ही घरांच्या उंबरठ्याबाहेरची, शाळेचं आवार किंवा मंदिर. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत मुलगा बापासोबत गावातून फिरला, तर त्या बापाकडून पुढची पाच तारीख चुकण्याची शक्यता कमी होते. याचा कायद्याशी काही संबंध नाही, पण चोवीस वर्षांत हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की पुरशिसीत पोळा लिहायला मी विसरत नाही.

नवरा खरंच अडचणीत आला, नापिकी झाली, आजारपण निघालं, तर त्याने काय करावं हेही लिहितो, कारण हे उत्तर त्याच्यापर्यंत पोचलं तर बरंच. परस्पर देणं बंद करायचं नाही. कलम १४६ खाली रक्कम बदलून मागता येते, तलाठ्याचा पंचनामा, पीकविम्याचे कागद जोडून. हेच कलम तुम्हालाही वाढ मागायला उपयोगी. पण दरवर्षी जूनपासून प्रत्येक मुलामागे २०० रुपये वाढ, असं सुरुवातीलाच लिहून घेतलं तर दर दोन वर्षांनी कोर्टात यावं लागत नाही.

एवढं करून दिले नाहीत तर? वसुलीचा अर्ज. कोर्ट दंडासारखी वसुली करण्याचं वॉरंट काढतं, वस्तू जप्त होऊ शकतात. त्यानंतरही न दिल्यास महिन्याच्या रकमेपोटी एक महिन्यापर्यंत तुरुंग. गावात समजूत आहे की जेलमध्ये बसून आलं की खावटी फिटली. फिटत नाही. सुप्रीम कोर्टाने हे फार पूर्वीच सांगितलं आहे, तुरुंग हा दबाव आहे, पैशाची पावती नव्हे. तरी मी तुम्हाला तुरुंगाची घाई करायला सांगणार नाही. वेचणीच्या दिवसांत बाप महिनाभर आत बसला तर कापूस कोण काढणार आणि मुलांना पैसे कुठून मिळणार? मात्र वॉरंटाची तारीख नोव्हेंबर-डिसेंबरात पडेल असा अर्ज टाकला तर बहुतेक वेळा पैसे कोर्टातच जमा होतात. पगारदार बापाचं सोपं असतं, दिवाणी हुकूमनामा असेल तर खावटीसाठी पगाराच्या दोन तृतीयांशापर्यंत जप्ती होते आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली कोर्ट थेट मालकाला पैसे द्यायला सांगू शकतं. शेतकऱ्याचा मालक पाऊस, त्याला नोटीस कशी काढणार.

येताना हे आणा: मुलांचे जन्मदाखले, शाळेचा बोनाफाईड, तिघांची आधार, लग्नाची पत्रिका किंवा फोटो, तो स्टॅम्पपेपर, पाच महिने पैसे आले त्याचं पासबुक, सासऱ्यांच्या वावराचा सातबारा आणि आठ-अ. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, त्यासाठी तलाठ्याला किंवा सासरी कोणाला विचारायची गरज नाही.

पुरशिसीत साधारण असा मजकूर घाला, शब्द तुमच्या वकिलांना हवे तसे बदलू द्या: "सामनेवाले हे मुलगी व मुलगा यांना प्रत्येकी दरमहा रु. १,५०० निर्वाहखर्च देतील. सदर रक्कम दर महिन्याच्या ५ तारखेस देय राहील. हंगामात भरलेली रक्कम ही पुढील महिन्यांची आगाऊ समजली जाईल. आगाऊ रक्कम न भरल्यास दरमहाचे देणे त्या त्या महिन्याच्या ५ तारखेपासूनच थकीत धरले जाईल." हे शेवटचं वाक्य कोणी "कशाला एवढं कडक" म्हणून खोडायला सांगेल. खोडू देऊ नका, वर्षाच्या मुदतीचा सगळा हिशोब त्याच्यावर उभा आहे.

आदेश झाला की त्याची प्रत तुम्हाला पैसे न घेता मिळाली पाहिजे, तसं कायद्यातच लिहिलं आहे. तिच्या दोन झेरॉक्स करा. मग एक शंभर पानी वही घ्या, दर महिन्याला एक ओळ: तारीख, आले की नाही, किती, कसे. पैसे चुकले म्हणून सहा तारखेला फोनवर भांडू नका, ओळ रिकामी सोडा. पहिली रिकामी ओळ दहा महिन्यांची जुनी झाली की मात्र वही घेऊन वकिलाकडे जा. अकरावा महिना उजाडू देऊ नका, कारण त्यातले पंधरा दिवस कोर्टाला सुट्ट्या असू शकतात.